स्टार ट्रेकचे पारायण कसे करावे

आधी पात्रता. हे मार्गदर्शन नवशिक्यांसाठी आहे. पण ज्यांनी मालिका एकदाही पाहिलेली नाही, त्यांच्यासाठी नाही. त्यांनी सगळे भाग पाहून यावेत, आम्ही थांबतो. पहिल्यांदा पाहणे ही काही कला नव्हे. पुढे काय होणार हे माहीत नसले की माणूस आपोआप बसून राहतो. सगळे पाठ असताना पुन्हा त्याच खुर्चीत बसायचे, आणि स्वयंपाकघरातून "हा झालाय ना तुझा बघून?" अशी विचारणा झाली की ओशाळायचे नाही, याला मात्र तयारी लागते. नवशिके इथेच गळतात. ते "नाही, हा वेगळा आहे" असे सांगून मोकळे होतात. तसे करू नये. "हो, झालाय" म्हणावे आणि आवाज जरा वाढवावा.

दुसरे, स्टार ट्रेक कोणती? या नावाने पुढे इतक्या मालिका आणि चित्रपट निघाले की गोत्र सांगितल्याशिवाय ओळख पटत नाही. आपली ती मूळची. ८ सप्टेंबर १९६६ रोजी अमेरिकेत एनबीसीवर सुरू झालेली आणि तीन हंगाम रडतखडत चालून ३ जून १९६९ ला संपलेली. विल्यम शॅटनरचा कॅप्टन कर्क, लेनर्ड निमॉयचा टोकदार कानांचा स्पॉक आणि डीफॉरेस्ट केलीचा डॉक्टर मॅकॉय यांची. पुढच्या मालिकांचे भक्तही चांगले लोक आहेत, फक्त त्यांची दिंडी वेगळी.

मग संकल्प. ७९ भाग, प्रत्येकी साधारण ५० मिनिटे, म्हणजे जवळपास ६६ तास. सप्ताह लावायचा म्हटले तर रोज साडेनऊ तासांची बैठक पडते. गुरुचरित्र वाचणारेसुद्धा त्याआधी उठतात. म्हणून आम्ही चातुर्मास सुचवतो. आठवड्याला पाच भाग धरले तर सोळा आठवड्यांत आटोपते. आषाढीला बसलेला माणूस कार्तिकीपर्यंत मोकळा होतो, आणि शनिवार-रविवारी घरच्यांना तोंड दाखवता येते. कांदा-लसणाचे बंधन नाही.

साहित्य: एक पडदा, एक खुर्ची, एक सोबती. सोबत्याबद्दल पुढे येईलच. पडद्यावर शक्यतो जुनी प्रत लावावी. २००६ पासून अवकाशातली जुनी दृश्ये काढून त्यांच्या जागी संगणकावर केलेली गुळगुळीत दृश्ये घातलेली प्रतही मिळते. ती वाईट नाही, पण पारायणाला चालत नाही. या मालिकेची गरिबी तशीच राहू द्यावी. तिच्यात गंमत आहे. दर आठवड्याला नव्या ग्रहावर जहाज उतरवून दाखवणे परवडण्यासारखे नव्हते, म्हणून माणसे जहाजावर विरघळवून ग्रहावर उमटवायची युक्ती निघाली. आणि ती उमटतानाची चमचम म्हणजे प्रकाशाच्या झोतात सोडलेली ॲल्युमिनियमची पूड. डॉ. मॅकॉयच्या हातातली काही शस्त्रक्रियेची उपकरणे मुळात मीठदाण्या होत्या. एका भागासाठी त्या विचित्र घाटाच्या मीठदाण्या आणल्या, मग या मीठदाण्या आहेत हे कोणाला कळणारच नाही असे वाटले, तेव्हा त्या डॉक्टरच्या हाती दिल्या. मिठाशी इतका इमानी राहिलेला दुसरा डॉक्टर आमच्या पाहण्यात नाही.

या सगळ्याला हसावे, पण एका हंगामात एकदाच. खडक पुठ्ठ्याचा वाटला की नजर खडकावरून उठते आणि चेहऱ्यावर जाऊन बसते, एवढे लक्षात ठेवले तरी पुरे. आपल्याला तिथेच जायचे आहे.

भाग कुठल्या क्रमाने पाहावेत यावर जाणत्यांमध्ये जुने वाद आहेत. चित्रण झाले त्या क्रमाने, की दाखवले गेले त्या क्रमाने? दाखवलेल्या क्रमाने पाहिले तर तिसऱ्याच भागात मॅकॉय गायब असतो आणि भलताच डॉक्टर समोर येतो, कारण तो भाग खरे तर आधी केलेला नमुन्याचा भाग आहे. त्यात कर्कचा अकादमीपासूनचा जिगरी मित्र गॅरी मिचेल याला जवळजवळ देवाच्या शक्ती प्राप्त होतात. तो कर्कला मारायला निघतो आणि नुसत्या इच्छेने त्याच्या नावाचा थडग्याचा दगड उभा करतो. दगडावर नाव येते जेम्स आर. कर्क. पुढे सगळीकडे तो जेम्स टी. कर्क आहे. खुलासे पुष्कळ झाले आहेत, ते वाचू नयेत. सृष्टी हलवण्याची ताकद आली, पण मित्राच्या नावातले अक्षर चुकले, एवढेच मनाशी धरावे आणि गॅरीच्या जागी कोण येतात ते पाहायला पुढच्या भागाकडे वळावे.

आता मुख्य सूचना. पहिल्या खेपेला आपण जो बोलतो त्याच्याकडे पाहतो. पारायणात जो बोलत नाही त्याच्याकडे पाहावे.

करून बघा. जहाजाचा तो वरचा कक्ष, मधोमध कर्कची खुर्ची, समोर मोठा पडदा, पडद्यावर शत्रू. कर्क बोलतोय. त्याच्याकडे बघू नका. त्याच्या खुर्चीला टेकून कोण उभे आहे ते बघा. डॉक्टर. आता विचारा, याचे इथे काय काम? जहाजावर ४३० माणसे आहेत, दवाखाना खाली आहे, इथे कोणी आजारी नाही, आणि समोर चाललेल्या गोळीबारात मीठदाण्यांचा काही उपयोग नाही. तरी हा गृहस्थ ज्या त्या वेळी वर. हात मागे बांधून, भुवया आक्रसून, मित्राच्या खुर्चीशी. पहिल्यांदा पाहताना हे कधीच खटकत नाही. तिसऱ्या खेपेला खटकते, आणि चौथ्या खेपेला डॉक्टर वर आला नाही तर आपल्यालाच चुकल्यासारखे होते. पहिल्या हंगामात सुरुवातीच्या नामावळीत शॅटनर आणि निमॉय ही दोनच नावे होती. केलीचे नाव तिथे दुसऱ्या हंगामापासून आले. म्हणजे हा माणूस तिथे काय करतो ते मालिकावाल्यांनाही उशिराच उमगले.

इथे सोबत्याचे प्रकरण येते. ऐंशीच्या दशकात दूरदर्शनने ही मालिका रविवारी सकाळी दाखवली. आमच्या वाड्यात टीव्ही एकच, तोही कृष्णधवल, आणि जमिनीवर आम्ही पंधराएक पोरे. शाळा मराठी, इंग्रजी पाचवीपासून. आम्ही नुकते सहावीत गेलेलो. संवादांतले "कॅप्टन" आणि "यस सर" तेवढे कळायचे. लाल सदऱ्यातला माणूस ग्रहावर उतरला की मरतो, ही जगजाहीर गोष्ट आम्हाला समजली ती घरात रंगीत टीव्ही आल्यावर. तोवर मरणारे सगळे करडेच होते.

शब्द कळत नसल्यामुळे आम्ही तोंडे वाचत असू. मी माझा निष्कर्ष जाहीर केला होता की कानवाला आणि डॉक्टर हे एकमेकांचे हाडवैरी आहेत, आणि शेवटच्या भागात एक दुसऱ्याला मारणार. माझ्या शेजारी बसणाऱ्या मित्राचे म्हणणे वेगळे होते. तो म्हणाला, "तसं नाहीये ते. आमची आजी आजोबांशी अशीच बोलते." यावर आमचे इतके भांडण झाले की तो पुढचा रविवार माझ्यापासून दोन पोरे सोडून बसला. आज तो नाशिकला, मी पुण्यात. रात्री साडेनऊला दोघेही एकदमच भाग सुरू करतो, फोन स्पीकरवर ठेवतो आणि शक्यतो बोलत नाही. सोबती असाच असावा. ज्याच्याशी आपले सगळ्याच बाबतीत जमते तो पारायणाला बिनउपयोगाचा. त्याला झोप लागते.

तर नवशिक्याने स्पॉक आणि मॅकॉयचे भांडण ऐकायला शिकावे. वरवर ते तत्त्वाचे आहे. स्पॉक अर्धा माणूस, अर्धा व्हल्कन. व्हल्कन लोकांनी भावनांवर ताबा मिळवून तर्काची दीक्षा घेतलेली. मॅकॉय पडला जुन्या वळणाचा डॉक्टर, नाडीवर बोट ठेवल्याशिवाय विश्वास न बसणारा. एक दुसऱ्याला यंत्र म्हणतो, दुसरा त्याला अडाणी वैदू ठरवतो. कान, हिरवे रक्त, काही म्हणजे काही सुटत नाही. पण तेवढ्यावर थांबू नये. भांडण कधी निघते ते टिपावे. बहुतेक वेळा ते तिसरा संकटात असताना निघते. कर्क बेपत्ता, कर्क कैदेत, कर्क बेशुद्ध, की हे दोघे लागलेच. घरात आजारी माणूस असला की कपाटाच्या किल्ल्यांवरून भांडणे होतात, त्यातलाच हा प्रकार.

सराव पहिला: दुसऱ्या हंगामाचा पहिला भाग, १५ सप्टेंबर १९६७, लेखक थिओडोर स्टर्जन. स्पॉकच्या लग्नाचा भाग. व्हल्कन रीतीप्रमाणे नवरदेवाबरोबर त्याचे सगळ्यांत जवळचे मित्र जातात. स्पॉक कर्कला बोलावतो, ते धरलेलेच होते. मग तो मॅकॉयलाही यायला सांगतो. नवशिका पुढे लग्नात काय गोंधळ होणार या काळजीत असतो, त्यामुळे मॅकॉयचा चेहरा त्याच्या हातून सुटतो. तो या खेपेला सोडू नये. एरवी शब्दाला शब्द देणारा माणूस त्या क्षणी एकदम रीतसर होतो, जणू त्याला व्यासपीठावर बोलावले आहे. पुढे नवरी ऐन वेळी मोडता घालते, दोघा मित्रांना एकमेकांशी मरेपर्यंत लढावे लागते, स्पॉकच्या हातून कर्क मेला असे सगळ्यांना वाटते, आणि डॉक्टरने एका इंजेक्शनने ते मरण खोटे पाडलेले असते. जहाजावर परतल्यावर मागून कर्कचा आवाज येतो, स्पॉक वळतो, त्याचे दोन्ही दंड धरतो आणि हसतो. सबंध तोंडभर हसतो. मग भानावर येऊन समजावतो की एक कार्यक्षम कप्तान वाचला याचे हे तर्काला धरून झालेले समाधान आहे. मॅकॉयचा त्यावरचा अविश्वास आपण सगळ्यांनी पाहिलेला आहे, तो इथे परत सांगत नाही.

सराव दुसरा जरा कठीण आहे, आणि तो करताना रिमोट हातात घेऊ नये. १९ जानेवारी १९६८ चा भाग. अवकाशात एक अवाढव्य अमीबा वाढतोय. हजारो मैल लांबीचा. त्याच्या पोटात छोटे यान घेऊन एकट्याने जायचे आहे, आणि परत येण्याची शाश्वती नाही. स्पॉक म्हणतो मी जातो, मॅकॉय म्हणतो मी. कर्क स्पॉकला निवडतो. यानाकडे जाणाऱ्या दाराशी दोघे उभे राहतात. आता काय बोलावे? हे मरणाच्या दारातही हुज्जतच घालतात. एकही मायेचा शब्द नाही. स्पॉक आत जातो. दार सरकते, बंद होते. आणि दार बंद झाल्यावर, त्या बंद दाराकडे बघत मॅकॉय हळूच त्याला यश चिंततो.

बराच वेळ जातो. यानातून स्पॉकचा तुटक आवाज येतो. इकडची तिकडची मोजमापे सांगून झाल्यावर तो म्हणतो, डॉक्टरना सांगा, त्यांनी मला शुभेच्छा द्यायला हव्या होत्या.

पहिल्या खेपेला आम्ही इथे पुढे काय होते या घाईत होतो. दुसऱ्या खेपेला मी नुसता बसून राहिलो, आणि फोनवर नाशिकहूनही काही आवाज आला नाही. स्पॉक आणि मॅकॉय, दोघांचेही बरोबर होते. एकाने दिलेले दुसऱ्याला पोचलेच नव्हते, मध्ये पाच-सहा इंचांचे दार होते, तेही बहुधा प्लायवूडचे. शेवटी जहाज त्याला ओढून बाहेर काढू लागते, तर स्पॉक आपल्यासाठी धोका पत्करू नका म्हणून हुज्जत घालतो, आणि मॅकॉय त्याला गप्प बस, आम्ही तुला वाचवतोय म्हणून दरडावतो. स्पॉक त्याचे आभार मानताना त्याला कॅप्टन मॅकॉय म्हणतो. गाडी रुळावर आली.

दोन महिन्यांनंतरचा, १५ मार्च १९६८ चा रोमन ग्रहावरचा भाग याच अभ्यासाचा. दोघे कोठडीत आहेत. रिंगणातल्या लढतीत स्पॉकने मॅकॉयचा जीव वाचवलाय आणि मॅकॉयला त्याचे आभार मानायचे आहेत, पण ते शिवीशिवाय बाहेर पडत नाहीत. स्पॉक कोठडीचे गज हलवून बघतोय. पुन्हा पुन्हा, तेच गज, जे हलत नाहीत हे त्याला कळलेले आहे. तर्काचा उपासक असे का करेल? मॅकॉय त्याला आधी टोचून बोलतो आणि मग एका वाक्यात सांगून टाकतो की जिमची, म्हणजे कर्कची, काळजी मलाही आहे. स्पॉकने तोवर जिमचे नावही काढलेले नसते.

एवढे जमले की बाकीचे आपोआप दिसू लागते. बाबेलचा भाग घ्या. स्पॉकच्या वडिलांना रक्त हवे, स्पॉक जहाजाची जबाबदारी सोडून यायला तयार नाही, तेव्हा भोसकलेला कर्क आपण ठणठणीत असल्याचे नाटक करत खुर्चीत येऊन बसतो. नाटकात सामील कोण, ते विचारू नका. मालिकेच्या दुसऱ्याच भागात जहाजावरची संपर्क अधिकारी उहुरा सगळ्यांसमोर स्पॉकला चिडवणारे गाणे म्हणते आणि स्पॉक तिला वाद्यावर साथ देतो. उहुराची भूमिका करणारी निशेल निकल्स पहिल्या हंगामानंतर मालिका सोडायला निघाली होती, तिला थांबवले ते मार्टिन ल्यूथर किंग यांनी. जहाजाचा इंजिनिअर स्कॉटी, त्याचा मित्र म्हणजे जहाजच: ट्रिबलच्या भागात शत्रुपक्षाचे क्लिंगॉन लोक कर्कला वाटेल ते बोलतात तेव्हा हा ग्लास घेऊन शांत बसतो, आणि जहाजाला नाव ठेवल्यावर पहिला ठोसा मारतो. नंतर हे कर्कला सांगताना त्याची जी अडचण होते, ती मन लावून पाहावी. आणि खान. खान नूनियन सिंग हा उत्तर भारतातला, बहुधा शीख, असे मालिकेत सांगितले आहे. त्याची भूमिका केली मेक्सिकोच्या रिकार्डो मोंतालबानने. पगडी फक्त त्याच्या चित्रात. १९९२ ते १९९६ या काळात त्याने पाव पृथ्वीवर राज्य केले म्हणे. आम्ही तेव्हा नोकरीसाठी अर्ज करत होतो, आम्हाला काही जाणवले नाही.

पथ्ये. तिसऱ्या हंगामात नवशिके खचतात. एनबीसी दुसऱ्यानंतरच मालिका बंद करणार होती, प्रेक्षकांनी पत्रांचा पाऊस पाडून ती वाचवली, आणि मग तिला शुक्रवारी रात्री दहाची मरतुकडी वेळ आणि आणखी कमी पैसे मिळाले. हंगामाची सुरुवातच अशी की परग्रहावरच्या बायका स्पॉकचा मेंदू चोरून नेतात आणि आपले लोक मेंदू नसलेल्या स्पॉकला बटणांवर चालवत शोधाला निघतात. हा भाग सोडून देण्याचा सल्ला तुम्हाला मिळेल. तो मानू नये. शेवटी मॅकॉय मेंदू परत बसवत असतो, जोडणी अर्धीच झालेली असते, आणि वाचा जोडली गेल्याबरोबर टेबलावरचा रोगी डॉक्टरला शस्त्रक्रिया कशी करावी हे सांगू लागतो. मॅकॉयला वाचा जोडल्याचा जाहीर पश्चात्ताप होतो. एवढ्यासाठी पाऊण तास बसायला हरकत नाही.

दुसरे पथ्य: ७९ भाग संपले की लगेच चित्रपटांना हात घालू नये. १९७९ च्या पहिल्यात आपल्या मुंबईची पर्सिस खंबाटा आहे, मुंडण केलेली. तो पाहून झेपतो. १९८२ च्या दुसऱ्याला दम धरावा. त्यात स्पॉक जहाज वाचवताना मरतो. मरायला जाण्याआधी तो वाटेत आडव्या आलेल्या मॅकॉयला बेशुद्ध करतो आणि त्याच्या चेहऱ्याला हात लावून आपला आत्मा त्याच्यापाशी ठेवून जातो. १९८४ च्या तिसऱ्या चित्रपटात, जो निमॉयनेच दिग्दर्शित केला, मॅकॉय बिचारा वेड लागल्यासारखा फिरतो, कारण ज्याच्याशी जन्मभर भांडला त्याचेच बिऱ्हाड डोक्यात. नाशिकच्या मते आमच्या सहावीतल्या वादाचा निकाल इथे लागला. मी अजून अपिलात आहे.

उद्यापन मात्र शेवटच्या भागाने करू नये. तो तेवढा दमदार नाही. १५ नोव्हेंबर १९६८ चा, थोलियन जाळ्याचा भाग राखून ठेवावा. कर्क अवकाशाच्या फटीत नाहीसा झालाय, मेला असे धरून जहाजावर त्याची शोकसभाही होते. मॅकॉय स्पॉकला वाटेल ते बोलतो, तुला खुर्चीच हवी होती म्हणण्यापर्यंत जातो. मग दोघे कर्कच्या खोलीत जातात. आपण मेल्यास ऐकावा म्हणून कर्कने दोघांसाठी निरोप ध्वनिमुद्रित करून ठेवलेला असतो. स्पॉकला सांगितलेले असते की तर्काच्या जोडीला अंतःप्रेरणाही वापर, आणि ती सापडली नाही तर डॉक्टरचा सल्ला घे. डॉक्टरला सांगितलेले असते की स्पॉक चुकू शकतो, तेवढा माणूस तोही आहे, पण आता कप्तान तो. ऐकून दोघे उभे राहतात. मॅकॉय माफी मागतो. कर्क परत येतो, सगळे जागच्या जागी बसते, आणि तो सहज विचारल्यासारखे विचारतो, माझा शेवटचा निरोप ऐकलात का? स्पॉक म्हणतो, कुठला निरोप? मॅकॉयही तेच म्हणतो. गडबडीत वेळच मिळाला नाही म्हणे. व्हल्कन खोटे बोलत नाहीत अशी त्यांची ख्याती आहे. कर्क दोघांकडे आळीपाळीने बघतो आणि विषय सोडून देतो.

हा भाग आम्ही गेल्या वर्षी ठरल्या रात्री पाहिला नाही, कारण नाशिकला बायपास होती. आदल्या रात्री पावणेबाराला त्याचा मेसेज आला. लांबलचक, देवनागरीत, मुलीच्या लग्नापासून सहावीतल्या भांडणापर्यंत सगळे होते त्यात. आठव्या दिवशी त्याने घरून फोन केला, आवाज बारीक होता. औषधे, पथ्य, डॉक्टर किती बोलतो, सगळे सांगून झाले. मग म्हणाला, "आदल्या रात्री एक मेसेज टाकला होता. वाचलास का?"

मी म्हटले, "कुठला रे?"

तिकडे त्याच्या फोनवर त्या मेसेजखाली दोन निळ्या खुणा आठ दिवसांपासून होत्याच. तो म्हणाला, "काही नाही. साडेनऊला लाव."